दिसण्याची हद्द : अ‍ॅपमधल्या क्लिपिंग-मास्किंगविषयी प्रस्तावना

‘तीर्थपुरी’ हे गावाचे नाव एखाद्या अ‍ॅपच्या बटनावर लिहून पाहा. बटनाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली असेल तर शिरोरेखेच्या वरचे सगळे छाटले जाते आणि खालचा उकारही जातो. वेलांटीचा माथा गेला की उरतो नुसता काना. रफार गेला की ‘र्थ’चा ‘थ’ होतो, उकार गेला की ‘पु’चा ‘प’ होतो. हाती राहते ‘ताथपरा’. तालुक्याच्या गावाचीही तीच गत, ‘घनसावंगी’चे ‘घनसावगा’ होते. गंमत म्हणजे एवढे होऊनही प्रोग्राम कुठे अडत नाही, लाल अक्षरांत तक्रार येत नाही, अ‍ॅप बंद पडत नाही. यंत्राच्या लेखी सारे आलबेल असते. अक्षर पूर्ण काढायची आज्ञा त्याला मिळालेली असते आणि चौकटीबाहेरचे दाखवू नको अशी दुसरी आज्ञाही मिळालेली असते. त्याने दोन्ही पाळल्या, एवढेच.

असे का होते? प्रत्येक फॉन्टमध्ये ओळीच्या वर किती जागा धरायची आणि खाली किती, याचे आकडे भरलेले असतात. रोमन लिपीत वर मोठ्या अक्षरांची उंची आणि खाली ‘जी’, ‘वाय’ यांच्या शेपट्या एवढे धरले की बहुतेक भागते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर स्वतंत्र वस्ती असते. ‘र्कीं’ लिहिताना वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघांनाही तिथेच सामावून घ्यावे लागते. खाली ‘ट्ठू’सारखे जोडाक्षर आले की एकाखाली एक दोन अक्षरे आणि त्यांच्याखाली दीर्घ उकार. पडद्याचे चित्र इंग्रजी मजकूर टाकून आखणारा ‘उंची ४०’ लिहून मोकळा होतो. अँड्रॉइडवर ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ नावाची सोय अशा उंच-खोल अक्षरांसाठी थोडी सैल जागा राखते. पण आखणीच्या चित्राशी पडदा तंतोतंत जुळावा म्हणून पहिल्यांदा गदा येते ती याच सोयीवर.

फॉन्ट करणाऱ्यांनी या अडचणीवर दोन बाजूंनी उपाय केले. नोटो सॅन्स देवनागरीची एक ‘यूआय’ आवृत्ती निघाली. तिच्यात मात्रा-वेलांट्या दाबून बुटक्या केल्या, म्हणजे रोमन ओळीच्या मापात देवनागरी बसेल. दुसऱ्या बाजूने अँड्रॉइडने २०१४ मध्ये ‘एलिगंट टेक्स्ट हाइट’ हा पर्याय दिला. तो चालू केला की लिपीला तिची नैसर्गिक उंची मिळते. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या अ‍ॅप्समध्ये हा पर्याय आता आपोआप चालू असतो. म्हणजे आधी लिपीने चौकटीपुढे मान तुकवली आणि दहा वर्षांनी चौकटीने लिपीसाठी जागा केली. मात्र ज्याने उंचीचा आकडा ठोकून बसवला आहे त्याच्या बटनात यातले काहीच पोचत नाही.

ही पुस्तिका या कापण्याविषयी आहे. अ‍ॅपच्या पडद्यावर आपण स्वतः रंगवतो, तेव्हा ते रंगकाम कुठपर्यंत दिसेल, कुठे थांबेल, कुठे फिके होत जाईल, हे ठरवण्याची कला म्हणजे क्लिपिंग आणि मास्किंग. पुस्तिका मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जे जालना, संभाजीनगर किंवा पुण्याला शिकून अ‍ॅप लिहायला लागले आहेत. दुसरे, जे गावोगावच्या फ्लेक्सच्या दुकानांत, डीटीपीच्या टेबलावर बसून आले आहेत आणि आता अ‍ॅपच्या कामाकडे वळू पाहतात. या दुसऱ्या वाचकांना वाटते की आपण कोऱ्या पाटीने आलो. तसे अजिबात नाही.

वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. भाऊंचा मोठा फोटो मध्ये, खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस गोल फोटो. कोरलड्रॉमध्ये प्रत्येक फोटो वर्तुळात पॉवरक्लिप केलेला असतो. रात्री उशिरा कुणीतरी फोन करतो, ‘माझा अर्धा कान गेलाय, जरा सरकव.’ दुकानातला मुलगा पॉवरक्लिप उघडतो. आत फोटो अख्खाच असतो, मागची भिंत, शेजारच्याचा खांदा, सगळ्यासकट. तो फोटो थोडा डावीकडे घेतो आणि पॉवरक्लिप बंद करतो. क्लिपिंगचे पहिले तत्त्व या मुलाला शिकवावे लागत नाही. क्लिप मूळ चित्राला हात लावत नाही, ती फक्त रंग कुठे चढू द्यायचा ते ठरवते. फोटो खरोखर कातरून फेकणे, म्हणजे क्रॉप करून सेव्ह करणे, हा निराळा व्यवहार. अ‍ॅपमध्येही हाच फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे पुष्कळ जण दर वेळी नवा कातरलेला फोटो बनवून फोनची मेमरी भरत बसतात.

क्लिप आणि मास्क यांतला भेद एका वाक्यात असा सांगता येईल : क्लिप प्रत्येक बिंदूला ‘हो की नाही’ विचारते, मास्क ‘किती’ विचारतो. क्लिपसाठी आकार लागतो, आयत, वर्तुळ किंवा वाकडीतिकडी वाट. मास्कसाठी स्वतंत्र चित्र लागते, आणि त्या चित्राचा प्रत्येक बिंदू मूळ चित्राच्या त्या जागेला किती दिसू द्यायचे ते सांगतो. यादी वर सरकवताना शेवटची ओळ हळूहळू विरत जाते, तो मास्क. गोल प्रोफाइल फोटो, ती क्लिप.

झाकून चित्र घडवण्याची ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. मूकपटांच्या जमान्यात फिल्मचा काही भाग झाकून उरलेल्यावर एक दृश्य घेत, मग फिल्म मागे फिरवून झाकलेला भाग उघडा करत आणि त्यावर दुसरे दृश्य घेत. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांनी मराठी मुलखातल्या प्रेक्षकांना अशा ट्रिक दृश्यांची चटक लावली. संगणकाच्या पडद्यावर हा प्रश्न आला तो १९६३ मध्ये, आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ या चित्रे काढण्याच्या प्रोग्रामबरोबर. चित्र मोठे, पडदा लहान, मग पडद्याबाहेर जाणाऱ्या रेघांचे काय करायचे? याच सदरलंडनी गॅरी हॉजमन यांच्यासह १९७४ मध्ये बहुभुज आकार कडेला कापण्याची जी रीत मांडली, ती आजही अभ्यासक्रमांत पहिल्यांदा शिकवतात. रीत सोपी आहे. चौकटीची एक बाजू घ्यायची, तिच्याबाहेरचे काढायचे, उरलेले घेऊन पुढच्या बाजूकडे जायचे. अट एकच, कापणारी चौकट कुठेही आत वळलेली नसावी.

ऐंशीच्या दशकात तीन गोष्टी पाठोपाठ आल्या आणि आजच्या प्रत्येक फोनच्या तळाशी त्या आहेत. बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या ‘क्विकड्रॉ’ने लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांवर कोणत्याही वेड्यावाकड्या प्रदेशाची क्लिप झटपट करून दाखवली, म्हणून खिडकीवर खिडकी ठेवता आली. अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने ‘आधी वाट आखा, मग तिची क्लिप करा, मग रंगवा’ ही भाषा रूढ केली. तीच पुढे पीडीएफमध्ये आणि तिथून अ‍ॅपलच्या चित्रप्रणालीत उतरली. आणि १९८४ मध्येच लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी दोन चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे बारा प्रकार गणितात बसवले. अँड्रॉइडच्या कोडमध्ये आजही ‘पोर्टरडफ’ हे नाव जसेच्या तसे सापडते. वापरणाऱ्यांपैकी अनेकांना ती दोन माणसांची आडनावे आहेत याचा पत्ता नसतो.

इतिहास इथेच आवरता घेतो, कारण पुस्तिकेला सांगायचे आहे ते निराळेच. क्लिपिंगच्या बहुतेक चुका कोड येत नाही म्हणून होत नाहीत. त्या होतात हद्दी एकमेकींत मिसळल्यामुळे. पडद्यावरच्या प्रत्येक घटकाला तीन हद्दी असतात. पहिली जागेची, म्हणजे मांडणी करताना त्याच्यासाठी किती लांबी-रुंदी धरली. दुसरी दिसण्याची, म्हणजे त्याचे रंगकाम प्रत्यक्ष कुठपर्यंत उमटते. तिसरी बोटाची, म्हणजे कुठे दाबले तर ते त्याला कळते. शेताचेही असेच असते. सातबाऱ्यावर क्षेत्र एक, मोजणीच्या खुणा दुसरीकडे आणि वहिवाट तिसरीकडे. तिन्ही जुळल्या तर कुणी चकार शब्द काढत नाही, भांडण उभे राहते ते फरक पडल्यावर.

पडद्यावरचा फरक कसा दिसतो ते पाहा. आयफोनवर यूआयकिटमध्ये एखादे बटन त्याच्या पालक चौकटीबाहेर थोडे सरकले तर ते दिसते, कारण ‘क्लिप्स टू बाउंड्स’ मुळात बंद असते. पण बाहेर आलेल्या भागावर कितीही बोट आपटा, उपयोग शून्य. स्पर्श आधी पालकाकडे जातो आणि पालक म्हणतो, हे माझ्या हद्दीत नाही. त्याच आयफोनवर स्विफ्टयूआयमध्ये नेमके उलटे घडते. मोठा फोटो चौकोनात भरून ‘क्लिप्ड’ केला की बाहेरचा भाग दिसेनासा होतो, पण स्पर्श मात्र घेत राहतो. शेजारच्या बटनावर दाबले तरी फोटोच उघडतो आणि वापरणारा वैतागतो. तिथे ‘कंटेंट शेप’ लिहून बोटाची हद्द वेगळी सांगावी लागते. म्हणजे एकीकडे दिसते पण लागत नाही, दुसरीकडे दिसत नाही पण लागते. वेबवर ‘क्लिप-पाथ’ने कापलेला भाग डोळ्यालाही जातो आणि बोटालाही. तिन्ही वागण्यांमागे आपापला विचार आहे, पण एकीकडची सवय दुसरीकडे नेली की फसगत ठरलेली.

न सांगता काय कापले जाते, यातही एकवाक्यता नाही. अँड्रॉइडमध्ये पालक आपल्या लेकरांचे रंगकाम त्यांच्या-त्यांच्या चौकटीत मुळातच कापतो. ‘क्लिप चिल्ड्रन’ बंद केले तरच ते बाहेर सांडते. जेटपॅक कंपोज आणि फ्लटरमध्ये स्वतः रंगवलेले काम चौकटीबाहेर खुशाल जाते. यूआयकिटमध्ये एक बारीक गोम आहे. क्लिपिंग बंद असूनही ‘ड्रॉ’मध्ये रंगवलेले काम चौकटीबाहेर जात नाही, कारण रंगवायला मिळालेला कागदच चौकटीएवढा असतो. आत ठेवलेले दुसरे घटक मात्र बाहेर डोकावू शकतात. मॅकवर तर नियम मध्येच बदलला. २०२३ च्या मॅकओएस सोनोमापासून नव्या एसडीकेने बांधलेल्या अ‍ॅपमध्ये घटक आपले रंगकाम मुळातून कापत नाहीत. जुन्या कोडमध्ये रंगवायला दिलेला ‘डर्टी रेक्ट’ सरसकट रंगाने भरून टाकायची पद्धत होती. आता तो आयत घटकाच्या चौकटीहून मोठा असू शकतो, म्हणून वर्षानुवर्षे निमूट चाललेल्या घटकाने अचानक शेजाऱ्याच्या अंगावर रंग ओतल्याच्या घटना घडल्या. उपाय एका शब्दाचा आहे, ‘डर्टी रेक्ट’ऐवजी स्वतःची ‘बाउंड्स’ भरायची. पण कुठली हद्द कुणाची, हे ठाऊक नसेल तर तो एक शब्द सापडत नाही.

पुस्तिकेचे दुसरे प्रकरण संपूर्णपणे एका गोल फोटोवर आहे. एवढ्याशा कामाला अख्खे प्रकरण का, असे वाटेल. फोटोभोवती चार पिक्सेलचे भगवे कडे काढायचे आहे असे धरा. आधी वर्तुळाची क्लिप, मग फोटो, मग त्याच वर्तुळावरून चार पिक्सेलची रेघ. पडद्यावर कडे दोनच पिक्सेलचे येते. रेघ नेहमी वाटेच्या दोन्ही अंगांना निम्मी-निम्मी बसते, आणि बाहेरची निम्मी क्लिपने खाल्लेली असते. आता दोन मार्ग आहेत. एकतर फोटो काढून झाल्यावर क्लिप उठवायची आणि मग कडे काढायचे, नाहीतर रेघेचे वर्तुळ दोन पिक्सेल आत घ्यायचे. पहिल्या मार्गावर पुढचा धडा वाट पाहत असतो : क्लिप उठवता येत नाही. क्लिपवर क्लिप लावली की दोहोंचा सामाईक भाग उरतो, म्हणजे हद्द दर वेळी आकसतच जाते. क्लिप लावण्याआधी ‘सेव्ह’ आणि काम झाल्यावर ‘रिस्टोर’, हीच परतीची वाट. अँड्रॉइडमध्ये पूर्वी हद्द वाढवण्याची एक पळवाट होती. अँड्रॉइड ९ पासून तीही बंद झाली. ‘रिस्टोर’ विसरलात तर त्यानंतर काढलेले नाव, तारीख, हिरवे टिंब, सगळे त्या वर्तुळातच कोंडले जाते, आणि चूक शोधणारा भलतीकडेच शोधत राहतो.

तिसरे प्रकरण शेतकऱ्यांच्या अ‍ॅप्सशी जोडले आहे, कारण आमच्या भागात क्लिपिंगचा सर्वांत सच्चा उपयोग तिथे दिसतो. गोदावरीच्या या पट्ट्यात ऊस, कापूस, मोसंबी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतातला फोटो, शेताची जागा, गट क्रमांक या गोष्टी शेतकऱ्याच्या फोनवर आल्या. आता एखाद्या अ‍ॅपला उपग्रहाचे चित्र फक्त एका गटापुरते दाखवायचे आहे असे समजा. गटाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश पडद्याच्या बिंदूंत बदलायचे, त्यांची वाट आखायची, तिची क्लिप करायची आणि वर उपग्रहचित्र ओतायचे. झाले? नाही. गटात विहीर आहे, खडकाळ तुकडा आहे, ते क्षेत्र सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून वेगळे लागलेले आहे. चित्रात तिथे भोक हवे. मग आतल्या तुकड्याचीही वाट त्याच आकारात घालायची. ती घातली तरी भोक पडेलच असे नाही. ‘नॉन-झीरो’ नियमात बाहेरची आणि आतली वाट एकाच दिशेने फिरत असेल तर पोटखराबही भरून निघतो. एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट असेल तरच भोक पडते. ‘इव्हन-ऑड’ नियमाला दिशेशी देणेघेणे नसते. बिंदूपासून बाहेर रेघ ओढा, वाट जितक्या वेळा ओलांडली तो आकडा विषम तर आत, सम तर बाहेर. जमिनीच्या नोंदींतून आलेल्या वाटांच्या दिशांचा भरवसा नसतो, म्हणून अशा कामाला ‘इव्हन-ऑड’ बरा.

वर सदरलंड-हॉजमन यांच्या रीतीची जी अट सांगितली, ती इथे आडवी येते. आपले गट काही पाटाच्या पाण्यासारखे सरळ नसतात. नाल्याच्या वळणाने, जुन्या वाटण्यांनी ते आत-बाहेर वळलेले असतात. दोन गटांची सामाईक हद्द काढायची तर अशा आकारांना चालणारी रीत लागते. केव्हिन वायलर आणि पीटर अ‍ॅथर्टन यांनी ती १९७७ मध्ये दिली. पडद्यावर नुसते दाखवायचे असेल तर सिस्टिमची क्लिप पुरते. क्षेत्र मोजायचे असेल तर हे गणित शिकायलाच हवे. दाखवणे आणि मोजणे या दोन गोष्टी पुस्तिकेत मुद्दाम वेगळ्या प्रकरणांत ठेवल्या आहेत.

चौथ्या प्रकरणापासून मास्क सुरू होतो. फ्लेक्सच्या टेबलावरून आलेल्यांनी इथे जरा सावध राहावे. फोटोशॉपच्या लेयर मास्कमध्ये पांढरे म्हणजे दाखव, काळे म्हणजे झाक. ही सवय हातात इतकी भिनलेली असते की माणूस तसेच काळे-पांढरे चित्र आयफोनच्या ‘लेयर’ला मास्क म्हणून लावतो. काहीच झाकले जात नाही. कारण तिथे रंग पाहिलाच जात नाही, पाहिली जाते ती पारदर्शकता. काळाही अपारदर्शक, पांढराही अपारदर्शक, मग दोन्ही ठिकाणी चित्र पूर्ण दिसणार. एसव्हीजीतला मास्क मात्र मुळात उजेड-अंधार पाहतो, म्हणून तिथे फोटोशॉपची सवय चालून जाते. कुठला मास्क काय पाहतो याचा तक्ता प्रकरणाच्या सुरुवातीलाच दिला आहे. तो पाठ केला तरी चालेल.

मास्कचा रोजच्या पाहण्यातला नमुना म्हणजे दुकानात पैसे देताना उघडणारा क्यूआरचा पडदा. सगळीकडे काळपट पडदा आणि मध्ये एक उजळ चौकोन. नवशिक्या आधी पूर्ण पडद्यावर अर्धपारदर्शक काळा रंग फासतो आणि मग मधला चौकोन ‘क्लिअर’ने पुसतो. अँड्रॉइडवर त्याला उजळ चौकोनाऐवजी कुळकुळीत काळा चौकोन मिळतो. पुसण्याचे काम वेगळ्या थरावर व्हायला हवे, नाहीतर काळ्या रंगाबरोबर खाली आधीच रंगवलेलेही पुसले जाते. ‘सेव्हलेयर’ने थर घ्यायचा, त्यावर काळा रंग, त्यावर क्लिअर, आणि मग थर खाली बसवायचा. किंवा थर न घेता तोच ‘इव्हन-ऑड’ वापरायचा, बाहेरचा मोठा आयत आणि आतला चौकोन मिळून एक आकार करायचा आणि एकदाच रंग भरायचा. कड कडक हवी असेल तर ही दुसरी रीत निःसंशय स्वस्त. कड मऊ, विरणारी हवी असेल तर मात्र बहुधा थरच घ्यावा लागतो.

स्वस्त-महागचा हा हिशोब पाचव्या प्रकरणात मांडला आहे, आणि आपल्या वाचकांसाठी तो केवळ पुस्तकी नाही. गावात अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या हातात बहुधा कमी किमतीचे, काही वर्षे वापरलेले फोन असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. आयताकृती क्लिप जवळजवळ फुकट असते, चित्रचिपला त्याची उपजत सोय आहे. वेड्यावाकड्या वाटेची क्लिप त्याहून महाग. अँड्रॉइडवर तर हार्डवेअरच्या वेगात ती ४.३ पासूनच मिळू लागली. आणि मास्कसाठी घेतलेला थर सर्वांत महाग. १०८० बाय २४०० च्या पडद्याएवढा एक थर घेतला तर बिंदूमागे चार बाइट धरून सुमारे १० एमबी लागतात, शिवाय तो आधी रंगवायचा आणि मग पुन्हा खाली बसवायचा. एका पडद्यावर असा एक थर खपून जातो. सरकत्या यादीतल्या प्रत्येक ओळीला दिला की यादी अडखळायला लागते. फ्लटरने याच कारणासाठी क्लिपच्या चार पायऱ्या ठेवल्या आहेत. अजिबात नको, कडक कड, मऊ कड, आणि थरासह मऊ कड. खालच्या पायरीवर काम भागत असताना वरची चढू नये, हे या प्रकरणाचे सार.

अँड्रॉइड ५ पासून गोल कोपऱ्यांसाठी ‘आउटलाइन’ची क्लिप मिळाली. सुरुवातीला ती आयत, गोल कोपऱ्यांचा आयत आणि वर्तुळ एवढ्याच आकारांना चालत असे, पण नेहमीच्या नव्वद टक्के कामांना याहून जास्त लागतेच कुठे? पुष्कळदा तर क्लिपच लागत नाही. फोटोच गोल आकारात रंग म्हणून भरता येतो, किंवा कोपऱ्यांवर पार्श्वभूमीच्या रंगाचे चार तुकडे ठेवून वेळ मारून नेता येते. कारागिराला हे कमीपणाचे वाटू नये.

पुस्तिकेच्या रचनेविषयी थोडे. प्रत्येक उदाहरण अँड्रॉइड, आयफोन आणि फ्लटर अशा तिन्ही ठिकाणी करून दाखवले आहे. वेबचे फरक जिथे खरोखर वेगळे आहेत तिथेच दिले आहेत. शब्द धंद्यात चालतात तेच ठेवले आहेत, क्लिप, मास्क, थर, वाट, कड. त्रिमितीय चित्रे आणि खेळांची अ‍ॅप या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहेत. सर्व नमुन्यांतला मजकूर मराठी आहे, आणि तो हौसेपोटी नाही. ज्या घटकात ‘र्कीं’ आणि ‘ट्ठू’ न कापता बसतात, तिथे जगातल्या बऱ्याच लिप्या सुखाने बसतात. इंग्रजीवर तपासलेला घटक फक्त इंग्रजीपुरता तपासलेला असतो. त्याचबरोबर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करूनही प्रत्येक पडदा पाहावा, कारण घरातली वडीलधारी माणसे फोन तसाच वापरतात. उंचीचा आकडा ठोकण्याऐवजी ‘किमान उंची’ लिहिण्याची सवय लावली, तर या दोन्ही तपासण्यांत निम्मे दोष आपोआप निघून जातात.

उदाहरणे नुसती वाचू नयेत, मोडून पाहावीत. तपासताना एक साधी युक्ती उपयोगी पडते : घटकाच्या चौकटीला एक भडक रंग द्यायचा, क्लिपच्या आकाराला दुसरा, आणि जिथे बोट लागते तिथे तिसरा. तीन रंग एकमेकांवर नेमके बसले तर ठीक. बसले नाहीत तर तो फरक आपण मुद्दाम ठेवला आहे का, हे स्वतःला विचारायचे. मुद्दाम ठेवलेल्या फरकातूनही चांगल्या गोष्टी निघतात. छोट्या चिन्हाला मोठी बोटाची हद्द दिली की ते राकट बोटांनाही सहज लागते. चौकटीबाहेर सावली सांडू दिली की कार्ड उठून दिसते. नकळत पडलेला फरक तेवढा काढायचा असतो. म्हणून क्लिपची कोणतीही ओळ लिहिण्याआधी ती जागेसाठी आहे, दिसण्यासाठी आहे की बोटासाठी, हे एका वाक्यात सांगून पाहावे. सांगता आले नाही, तर ती ओळ काढून अ‍ॅप एकदा चालवून बघावे. बऱ्याचदा तिच्यावाचून काहीच अडत नाही.

तीर्थपुरी,
ता. घनसावंगी, जि. जालना